मित्रास पत्र: स्ट्रॅट घेण्याआधी नेक उघडून बघ

प्रिय सम्या,

तू पाठवलेले सगळे फोटो मोठे करून करून बघितले. गिटार सुंदर आहे, तो सनबर्स्ट (मध्ये उजळ, कडेला गडद) रंग बघून मलाच घ्यावीशी वाटली. पण तो विकणारा माणूस तिला "१९६३ ची स्ट्रॅटोकास्टर" (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, आपली स्ट्रॅट) म्हणतोय आणि पुरावा काय तर मागच्या प्लेटचा (नेक, म्हणजे गिटारची मान, जिथे बॉडीला स्क्रूने जोडतात तिथली धातूची प्लेट) एक फोटो, तर एवढ्यावर पैसे काढू नकोस. प्लेटवर एलने सुरू होणारा नंबर आहे म्हणजे ६३ चीच असं होत नाही रे, एलवाल्या प्लेटा ६२ च्या शेवटापासून ६५ पर्यंत लागल्यात, आणि त्या नंबराच्या क्रमाने लावल्याच जात नव्हत्या, हाताला येईल ती लावायचे. शिवाय चार स्क्रू काढले की प्लेट निघते आणि दुसऱ्या गिटारला बसते, जुन्या प्लेटा सुट्ट्याही विकल्या जातात. म्हणून सिरीयल नंबर सगळ्यात शेवटी बघायचा. आधी लाकूड, मग वायरिंग, मग रंग, आणि ते सगळं एकमेकांशी जुळलं तरच नंबराला अर्थ.

त्याला सांग की नेक काढून दाखव. स्वतःला जमत नसेल तर गिटार रिपेअर करणाऱ्याकडून काढून घे म्हणावं, तारा सैल करून स्क्रूला नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर वापरला तर काही बिघडत नाही. नेकच्या बुडाला, जो भाग बॉडीत बसतो तिथे, त्या काळात तारखेचा शिक्का मारायचे (६२ च्या सुरुवातीपर्यंत पेन्सिलीने लिहायचे). शिक्क्यात आधी २, मग महिना, मग ६३ आणि शेवटी एक अक्षर, बहुतेक बी, असं दिसेल. तो २ म्हणजे दोन तारीख नाही हां, खूप जण तिथेच फसतात. २ हा स्ट्रॅटचा मॉडेल कोड आहे आणि बी म्हणजे नटची (मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) रुंदी. आणि ही तारीख फक्त नेकची, पूर्ण गिटार कधी जोडली गेली त्याची नाही, नेक बनून काही महिने पडून राहिलेली असू शकते. नेक हातात आहे तोवर रोजवूड लाकडाचा थर, म्हणजे बोटं ठेवायचा फ्रेटबोर्ड, तो पण बघ. ५९ ते ६२ च्या मध्यापर्यंत फ्रेटबोर्ड जाड आणि खालून सपाट असायचा, त्यानंतर पातळ आणि खालून वळणदार झाला. ६३ ची असेल तर बुडाकडून बघताना रोजवूड आणि त्याखालच्या मेपल लाकडामधली रेघ कमानीसारखी दिसली पाहिजे. सरळ दिसली तर नेक एका वर्षाची आणि विकणाऱ्याची गोष्ट दुसऱ्याच वर्षाची आहे.

आता पिकगार्डखाली (बॉडीच्या पुढची प्लास्टिकची प्लेट). खरी मजा इथे आहे. पॉटच्या (आवाज-टोनच्या बटणाखालचा विजेचा भाग) पाठीवर किंवा कडेला आकडे असतात, ३०४ ने सुरू झाला तर स्टॅकपोल कंपनीचा पॉट, १३७ असेल तर सीटीएस कंपनीचा. पुढचे दोन आकडे वर्ष आणि शेवटचे दोन आठवडा, म्हणजे ३०४६३१२ असेल तर १९६३ चा बारावा आठवडा. साधा नियम लक्षात ठेव, गिटार तिच्यातल्या सगळ्यात नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. नेक मार्च ६३ चा आणि पॉट त्याच वर्षाच्या ऑगस्टचे, तर काळजी नको, गिटार ऑगस्टनंतर जोडलीय इतकंच. पण पॉट ६६ चे निघाले तर मात्र थांब. ६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली आणि ६६ मध्ये पॉटचा इतका मोठा साठा भरला की ६९ पर्यंतच्या गिटारींत ते सापडतात, म्हणजे तसे पॉट ६३ च्या गिटारमध्ये असतील तर कुणीतरी नंतर टाकलेत.

आकडे जुळले तरी सोल्डर बघ, कारण जुने पॉट विकत आणून लावता येतात पण जुना सांधा परत तसाच करणं फार अवघड आहे. न छेडलेलं सोल्डर मंद दिसतं, त्यावर साठ वर्षांची धूळ बसलेली असते, आणि वायर कापडाच्या आवरणाची असते. एखादाच सांधा चकचकीत असेल तर एखादी दुरुस्ती झालीय, सगळेच चकचकीत असतील तर वायरिंग नव्याने केलंय. पिकअपचं (तारांचा आवाज पकडणारा तारांखालचा भाग) बूड ६३ ला काळं पाहिजे, करडं ६४ पासून यायला लागलं. आणि फोटोतला पिकगार्ड मला जरा जास्तच पांढरा वाटतोय. तेव्हाचा सेल्युलॉइडचा थर काळाबरोबर फिकट हिरवट होतो, आकसतो, स्क्रूपाशी तडकतो. बदललेला असेल तर तो काही गुन्हा नाही, पण विकणाऱ्याने आधी सांगायला हवं आणि किंमत उतरायला हवी, मूळ पिकगार्ड एकटाच किती महाग असतो तुला माहितीये.

रंगाबद्दल मी सगळ्यात कडक आहे. रिफिनिश, म्हणजे नंतर पुन्हा रंगवलेली, असेल तर बाजारात गिटार साधारण निम्म्यावर येते, त्यामुळे लपवाछपवी इथेच जास्त चालते. बॉडीला रंग देताना खिळे ठोकून ती टेकवायचे आणि रंगानंतर खिळे काढायचे, ६४ पर्यंत तरी. त्यामुळे पिकगार्डखाली बारीक खिळ्यांची भोकं दिसली पाहिजेत आणि त्यांच्या आत रंग नसला पाहिजे. भोकं बुजलेली किंवा आत रंग उतरलेला म्हणजे नंतर कुणीतरी रंगवलीय. अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघ, जुनं नायट्रो लॅकर (तेव्हाचं वार्निश) हिरवट पिवळं चमकतं आणि नंतर मारलेला भाग वेगळाच, काळपट डागासारखा उठून दिसतो. ट्यूनर्सच्या (तारा ताणायच्या खुंट्या) खाली जादा स्क्रूची भोकंही शोध.

ती दुसरी गिटार, गिब्सन कंपनीची लेस पॉल कस्टम, तिचा नंबर ७१२३९५१४ लिहिलायस ना, तो वाचायला सोपा आहे. गिब्सनचे आठ आकडी नंबर ७७ पासूनचे, पहिला आणि पाचवा आकडा वर्ष, मधले तीन वर्षातला दिवस. म्हणजे १९७९, १२३ वा दिवस, ३ मे. शेवटचे ५१४, म्हणजे ५०० च्या वर, म्हणजे गिब्सनच्या नॅशव्हिलच्या कारखान्यातली, कलामझूच्या नाही. त्या वर्षाची असेल तर हेडस्टॉकच्या (मानेच्या टोकाचा, खुंट्या असतात तो भाग) मागे मानेवर उंचवटा हवा आणि मागे मेड इन यूएसए हवं. नंबर सोपा असला तरी हेडस्टॉक तुटून जोडलाय का ते तिथेही यूव्हीखाली बघच, गिब्सनच्या माना तिथेच मोडतात. साठच्या दशकातली गिब्सन कधी दाखवली कुणी तर नंबरावर जाऊच नकोस, त्या काळात एकच नंबर वेगवेगळ्या वर्षांत परत वापरलाय.

आणखी एक, त्या स्ट्रॅटचा फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोजवूडचा असणार, आणि ते लाकूड १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या यादीत आहे. गिटार देशाबाहेरून येणार असेल तर परमिट कुणी काढायचं हे पैसे द्यायच्या आधी ठरव, नाहीतर कस्टममध्ये अडकेल.

हे सगळं जुळलं तर बिनधास्त घे, मला मनापासून आनंद होईल, अशी न छेडलेली गिटार फार कमी वेळा समोर येते. आणि जुळलं नाही पण वाजवून जीव रमला, तरीही घे, फक्त वाजवायच्या गिटारच्या भावात, ६३ च्या भावात नाही. त्याने उघडायलाच नकार दिला तर मात्र सोडून दे, कितीही जीव अडकला तरी.

नेकचं बूड, नेक बसते तो खड्डा, पॉटचे आकडे, पिकगार्डखालची पूर्ण बॉडी आणि पिकअपची खालची बाजू, एवढे फोटो उजेडात काढून पाठव, रात्री कितीही वाजता. मी बघून फोन करतो, तोवर ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझा,
अव्या