दुखणारी नसच सूज आणते, हे पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या आरोग्य पानावर सुजेबद्दल लेख आला होता, त्यात सूज म्हणजे एकतर जंतू नाहीतर मार, एवढंच होतं. हे अर्धंच आहे हो, आणि राहिलेलं अर्धं माहीत नसलं की काय होतं ते आमच्या घरात झालंय.

माझ्या सासूबाईंना नागीण झाली होती, पाठीपासून बरगडीपर्यंत. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण आग काही जाईना, पदर नुसता लागला तरी कळवळायच्या. एक्सरे नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, मग दवाखान्यात सांगितलं वयामुळे असं वाटतं, मनावर घेऊ नका. घरात सगळ्यांनी तेच धरलं, मी पण धरलं, त्याचं आजही वाईट वाटतं.

ते राहिलेलं अर्धं असं: दुखणं नेणारी नस नुसता निरोप नेत नाही, जिथून निरोप निघतो तिथे स्वतःच रसायनं सोडते. त्यातलं एक म्हणजे सबस्टन्स पी, 11 अमिनो ॲसिडची छोटीशी साखळी. 1931 मध्ये फॉन ऑयलर आणि गॅडम या शास्त्रज्ञांना घोड्याच्या आतड्यात आणि मेंदूत सापडलं, त्यांच्याकडे ते पावडर होतं म्हणून पी. मणक्यातल्या नसांपर्यंत दुखण्याची खबर हे पोचवतं, आणि इकडे कातडीत रक्तवाहिन्या सैल करून पाणी झिरपवतं, ॲलर्जीत जागणाऱ्या मास्ट पेशींना डिवचून हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन सोडायला लावतं. म्हणजे लाली, सूज, खाज सगळं, जंतू एक पण नसताना! हातावर नखाने जोरात रेघ ओढून बघा, थोड्या वेळाने लाली रेघेच्या बाहेर पसरते, ती या नसांचीच करामत, जोडीला नसांमधूनच सुटणारं सीजीआरपी नावाचं दुसरं रसायन असतं, मायग्रेनमध्ये पण तेच.

वर्षाचं तिखट करताना बेडियाची मिरची खुडली की रात्रभर हात भगभगतात ना, ती मिरची याच नसांना चेतवते. तिचा रिसेप्टर, म्हणजे नसेवरची तिखट ओळखणारी जागा, 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबमध्ये सापडला, 2021 चं नोबेल मिळालं त्यांना. आणि त्याच मिरचीच्या कॅप्सेसिनचं मलम नागिणीनंतरच्या दुखण्यावर देतात, रोज लावत राहिलं की नसांची टोकं काही काळ थंडावतात. सासूबाईंना दुसऱ्या डॉक्टरांनी तेच दिलं, आधी आठवडाभर आग वाढली पण मग पदर सहन व्हायला लागला. जखम ओली असताना मात्र लावायचं नाही, आणि लावल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्याला तर अजिबात नाही.

सबस्टन्स पी अडवणारी गोळी घेतली की दुखणं संपेल असंही कोणी समजू नये. प्राण्यांमध्ये जमलं, माणसांच्या दुखण्यावर नाही चाललं, त्यातलं ॲप्रेपिटंट नावाचं औषध शेवटी केमोच्या उलट्यांवर कामी आलं.

एवढीच विनंती, एखाद्या न्यूरोच्या डॉक्टरांकडून यावर सोप्या मराठीत लिहून घ्या, आणि रिपोर्ट नॉर्मल असून पण माणसाला खरंच दुखत असतं हे त्यात ठळक अक्षरात छापा. आमच्या रामबागेतच अशा तीन-चार आज्या आहेत, सगळ्यांच्या घरी तुमचा पेपर येतो.

— एक वाचक, रामबाग, इंदूर