‘नोस्फेराटू’ कृष्णधवल नाही

संपादक महोदय,

जुन्या भयपटांवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ यांच्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटाला (१९२२) ‘कृष्णधवल’ म्हटले आहे. हाच समज धरून आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांनी हाताला येईल ती प्रत लावली, तर चित्रपटाची कथाच कोलमडते.

त्या काळच्या फिल्मवर रात्री उघड्यावर चित्रण करणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून रात्रीचे प्रसंग उन्हात चित्रित केले आणि छापलेल्या प्रती रंगाच्या द्रावणात बुडवल्या. रात्रीला निळा, दिवसाला आणि दिव्याच्या उजेडातल्या खोल्यांना पिवळा, पहाटेला गुलाबी. पुढे अशा प्रतींवरून कृष्णधवल प्रती निघाल्या आणि रंग गळून गेले. अशा प्रतीत रक्तपिपासू काउंट ऑर्लॉक स्वतःची शवपेटी काखेत धरून रात्री विस्बोर्ग या काल्पनिक शहराच्या गल्ल्यांतून चालतो, तेव्हा भिंतींवर स्वच्छ ऊन पडलेले दिसते. शेवटी तोच सकाळच्या उन्हाने विरून जातो! ब्रॅम स्टोकरच्या ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला आहे, तिच्यातला ड्रॅक्युला दिवसाही हिंडू शकतो. रक्तपिपासूचे उन्हाने मरणे ही या चित्रपटाने घातलेली भर आहे. निळा रंग गेला की तिचा अर्थही जातो. २००६ च्या सुमारास झालेल्या जीर्णोद्धारात फ्रान्समधल्या रंगीत प्रतीच्या आधारे हे रंग परत आणले आहेत. तीच प्रत मिळवावी.

दुसरी गोष्ट वेगाची. मूळ फिल्मची लांबी १,९६७ मीटर, मीटरमागे साधारण ५२ फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्रे. सेकंदाला १८ फ्रेमने चालवला तर चित्रपट ९५ मिनिटांच्या आसपास भरतो, २४ ने चालवला तर ७२ मिनिटांत उरकतो आणि माणसे तुरुतुरु धावू लागतात. नुकसान फक्त हसू येण्यापुरते नाही. ऑर्लॉकची घोडागाडी मुर्नाऊ यांनी मुद्दाम सेकंदाला कमी फ्रेम टिपून अमानवी वेगाने पळवली आहे. सगळेच पळत असेल तर ती वेगळी कशी दिसणार?

खेळाआधी प्रतीची लांबी पाहावी. ९४ मिनिटांच्या आसपास असेल तर वेगाला हात लावू नये. ७० च्या आसपास असेल तर दृश्ये कापलेली आहेत की वेग वाढलेला आहे, हे माणसांच्या चालण्यावरून ओळखावे. वेगच वाढलेला असेल तर प्लेअरमध्ये ०.७५ पट करावा, कारण २४ चे १८ होतात. मात्र मग प्रतीवरचे संगीत बंद करून वेगळे लावावे लागते, नाहीतर तेही रेंगाळते.

आणि पडदा रुंद आहे म्हणून चित्र ताणू नये. चौकट ४:३ चीच हवी. ताणली की ऑर्लॉक आडवा पसरतो, आणि ती भूमिका करणाऱ्या माक्स श्रेकची दारात मावेल न मावेल अशी उभी, काटकुळी आकृती हीच तर त्या चित्रपटातली भीती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे