आधी शॉकअप सोडून बघ

कोल्हापूर,
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र दुपारी वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तुझ्या जीपचं चाक खड्ड्यात खाली पोचत नाही, अधांतरी राहतं, म्हणून पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढून बाहेरून कॉइल स्प्रिंगचं किट मागवायचं, त्यासाठी आईच्या नावची ठेव मोडायची म्हणतोस. भावा, ठेवीला हात लावू नकोस.

माझ्या एमएम ५४० जीपचं काय झालं होतं तुला आठवत असेल. सरावाला ओढा ओलांडताना डावं मागचं आणि उजवं पुढचं चाक अधांतरी राहिलं. साधं डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर), ताकद पळते ती मोकळ्या चाकाकडेच. दोन चाकं हवेत गरगरतायत, टेकलेली दोन जागची हलेनात. मग मीही शॅकल, म्हणजे पाट्याला चेसीशी जोडणारे दुवे, लांब केले. शॅकल दोन इंच वाढवले तर गाडी एकच इंच उचलली, पुढचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल) बिघडून स्टिअरिंग भरकटायला लागलं, आणि चाक मात्र पूर्वीसारखंच लटकलेलं. उंची वाढली म्हणजे ट्रॅव्हल, चाकाचा वर-खाली व्हायचा पल्ला, वाढला असं होत नाही रे.

शेवटी उद्यमनगरात पाट्यांचं काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी विचारलं, "चाक खाली यायला अडवतंय कोण, ते बघितलंस का?" चेसीखाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावल्या, मागची चाकं सोडली आणि शॉकअपची, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळीची, खालची पिन काढली. ॲक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आडवा दांडा, धपकन अडीच इंच खाली उतरला. पाटे बिचारे केव्हाचे तयार होते, धरून ठेवलं होतं शॉकअपनं!

तेव्हा लांब शॉकअप हवा, पण अंदाजानं घेऊ नकोस. चाक पूर्ण वर, रबरी गुटख्याला (चेसीखालच्या ठोकळ्याला) टेकलेलं असताना शॉकअप अजून इंचभर दबायला शिल्लक हवा, नाहीतर तोच गाडीचा धक्का झेलतो आणि फुटतो. पूर्ण खाली लोंबताना तो ताणून थांबता कामा नये. त्याच्या आधी जाड नायलॉनच्या पट्ट्यानं ॲक्सल थांबवायचा. चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली असतानाची लांबी टेपनं मोजून कागदावर घे, मग भंगारात जाऊन जुळणारा शोध.

आणि मित्रा, ब्रेकचा रबरी पाइप. हे मी दोनदा लिहिलं असतं तरी कमी होतं. शॉकअप सोडल्यावर वाकून बघितलं तर पाइप तारेसारखा ताणलेला, टोकाशी रबर पांढरं पडून बारीक चिरलेलं. पुढच्या उडीत तो तुटला असता आणि उतारावर पायाखाली काहीच उरलं नसतं. आता चाक पूर्ण लोंबलं तरी सैल राहील एवढा लांब पाइप टाकलाय. ॲक्सलला ताकद पोचवणारा प्रोपेलर शाफ्टही त्याच वेळी हातानं फिरवून बघ, त्याचा क्रॉस (वळता सांधा) अडकत नाही ना आणि स्लाइड (सरकता जोड) सुटत नाही ना.

पाटे सगळ्यात शेवटी. गंजलेले पाटे एकमेकांवर घसरतच नाहीत. सोडून, घासून, टोकांच्या धारा गोल करून ग्रॅफाइट ग्रीस लावलं, तेवढ्यानं निम्मं काम झालं. आणखी मऊ हवं तर जाड पाट्याऐवजी पातळ घे. जाडी निम्मी केली की त्या पाट्याचा कडकपणा आठवा हिस्सा उरतो. पण मुख्य पाटा आणि त्याच्या टोकाच्या डोळ्याला (गोल वेटोळ्याला) आधार देणारा दुसरा, या दोघांना धक्का लावू नकोस. कुणी गॅसनं तापवून वाकवून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हण. पोलादाचं पाणी उतरतं, मग पाटा दबून सपाट होतो किंवा मोडतो.

गुटखे कापायचं एवढ्यात नको, आधी टायर मडगार्डला लागतो का ते बघू.

पुढच्या रविवारी गाडी घेऊन ये. जॅक, घोड्या, टेप सगळं माझ्याकडे आहे. सकाळी लवकर ये म्हणजे उन्हाआधी चारही शॉकअप सुटतील. आईंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
जीपवाला दोस्त