नानांचा ओळंबा आणि आमचं धाबं

अमळनेर,
रविवार

प्रिय बाळ्या,

इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर तशीच. फोनवर सांगणार होतो, पण फोनवर तू मध्येच भडकतोस आणि माझं अर्धं पोटात राहतं. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच, मग काय भडकायचं ते भडक.

मागच्या खोलीच्या स्लॅबचा पोपडा पडला रे. भल्या पहाटे धाडकन आवाज झाला, उठून बघतो तर हात-दीड हात रुंद तुकडा गव्हाच्या कोठीवर. कोठीचं झाकण पार चेपलं. वर बघितलं तर सळया उघड्या, तांबड्याभडक, बोटाने खरवडलं की पापुद्रे निघतायत. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक येते, तिची पोरं नेमकी तिथेच गाद्या टाकून झोपतात. त्या दिवसापासून मला झोप नाही. पुढचं धाबंही, ते तुळयांवरचं मातीचं छत, गेल्या पावसाळ्यात दोन ठिकाणी गळलंच होतं. तेव्हा ठरवलं, दोन्ही कामं एकदमच करून टाकायची, मृग लागायच्या आत.

पैसा काढला, पतसंस्थेतली ठेव मोडली. अडलंय ते माणसावर. काम द्यायचं कुणाला?

पहिला आला जळगावहून, वॉटरप्रूफिंगवाला. जिन्याच्या चार पायऱ्या चढला, मोबाइल वर धरून फोटो काढला आणि खाली येऊन चौरस फुटाचा भाव सांगितला. वर दहा वर्षांची गॅरंटी. मी म्हटलं, अहो सळई गंजलीय, तिचं काय? म्हणे, वरून केमिकलचे दोन हात मारले की पाणी बंद, पाणी बंद झालं की गंज बंद. आता गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा धरतो, सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते, हे तर आपण तुझ्या वडिलांच्या, नानांच्या तोंडून लहानपणी ऐकलंय. आत फुगलेलं वरच्या रंगाने कसं बसेल? बिलाचं विचारलं तर जवळ सरकून म्हणाला, "बिल घेऊन काय करता काका, अठरा टक्के जीएसटी उगाच जाईल." मग ती दहा वर्षांची गॅरंटी उद्या कुणाला दाखवू? पुढेमागे ग्राहक आयोगाची पायरी चढायची वेळ आली तर हातात पावती नको? त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

दुसऱ्याला तसं वाटेला लावता येत नाही, कारण तो माझ्या बहिणीच्या, सुमीच्या सासरचा. तिच्या दिराचा मुलगा. दारात बोलेरो, गळ्यात चेन, पोरगा बोलायला मात्र गोड. त्याने मागची खोली बघितलीसुद्धा नाही. ओसरीत उभा राहून म्हणाला, "मामा, हे धाबं पाडूनच टाका, दोन आठवड्यांत सगळ्या घरावर स्लॅब देतो." मी विचारलं, स्लॅब टेकवणार कशावर? तर म्हणे भिंतीवर. बाळ्या, आमच्या भिंती मातीच्या आहेत. धाब्याचा सगळा भार खांबांवर, भिंत फक्त आडोशाला, हे ज्याला कळत नाही त्याच्या स्लॅबखाली मी आईला झोपवू? तिथे कॉलम उभे करायला हवेत, पाया खणायला हवा, त्यात आपल्या गल्लीत खाली काळी माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शिवाय नगरपरिषदेची परवानगी. त्याचं विचारलं तर "ते नंतर बघू". आणि दोन आठवडे कसले? स्लॅब ओतल्यावर नुसतं पाणी मारायलाच निदान १० दिवस हवेत, आपल्याकडच्या ४४-४५ डिग्रीत तर जास्तच. साडेचार मीटरपेक्षा मोठा गाळा असेल तर खालचे टेकू १४ दिवस हलवायचे नाहीत. मग पाया आणि कॉलम कधी, रात्री?

पण खरी गोम पुढे आली. जाता जाता म्हणाला, "लाकूड मी घेऊन जातो मामा, तेवढी मजुरी कमी लावतो." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी टेप घेऊन तुळया मोजल्या. आठ इंच बाय आठ इंच, बारा फूट लांब, एकेका तुळईत पाच घनफुटांच्या वर अस्सल साग. कड्या, खांब, फळ्या वेगळ्याच. जुन्या सागाला आज घनफुटाला हजारांत भाव आहे. म्हणजे माझंच घर विकून माझ्याच घराचं काम! वर निम्मी रक्कम आधी मागितली. सुमीचा रोज फोन, "दादा, घरचा पोरगा आहे, बाहेरच्याला कशाला देतोस?" तिला काय उत्तर देऊ ते अजून सुचलेलं नाही. तिचं सासर आहे, शब्द जपून वापरावा लागतो.

आईला नुसतं सांगितलं की धाबं पाडायचं म्हणतायत, तर म्हणाली, "धाबं पाडशी ते मी कथा झोपू?" मी कुठे झोपू, हे ती बरोबरच विचारते. मे महिन्यात मागच्या स्लॅबखाली दुपारी बसवत नाही आणि मधल्या घरात पंख्याविना डोळा लागतो. तुला आठवतं ना, त्याच धाब्यावर दरसाल बिबड्यांचे पापड वाळत पडायचे आणि अर्धवट ओले बिबडे पळवून खायला तू पुढे असायचास. आई अजून म्हणते की तुझं पोट तेव्हापासून बिघडलंय. आणि धाब्यातल्या झरोक्यातून, सान्यातून खाली दोरी सोडून माझी चप्पल कुणी उचलली, ते तू आजतागायत कबूल केलेलं नाहीस.

आता तिसरा. इथे जरा दम धर.

तिसरा बारकू आहे. हो, तोच. नानांच्या हाताखालचा बारक्या. आता बारकू मिस्त्री म्हणतात त्याला, केस पांढरे झाले, एक पोरगा हाताखाली घेतलाय. मी बोलावलं नव्हतं. किराणा दुकानात कुणीतरी त्याला पोपड्याचं सांगितलं, तो आपणहून आला. तुमचं जे वाजलं ते मला ठाऊक आहे, नानांच्या वर्षश्राद्धालासुद्धा तू त्याला ओट्यावर चढू दिलं नव्हतंस. म्हणूनच हे तुला कळवल्याशिवाय मला पुढे जायचं नाही.

त्याने काय केलं ते ऐक. भाव सांगितला नाही. पायातलं काढलं आणि आधी मागच्या स्लॅबवर गेला. पावसाळी नळीच्या तोंडाशी उकिडवा बसून हाताने गाळ उपसला, ढाळ कुठे उलटा गेलाय ते तांब्याभर पाणी ओतून मला दाखवलं. पाणी नळीकडे न जाता कठड्याच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. मग खाली येऊन छोट्या हातोडीने वीत-वीत अंतरावर छताला ठोकत गेला. खणखणीत वाजलं तिथे काही नाही, बद वाजलं तिथे खडूने गोल. अर्धं छत गोलांनी भरलं. म्हणाला, "दादा, हे सैल सगळं पाडून सळई घासून पांढरी करावी लागेल. तेव्हा कळेल सळई किती खाल्ली गेलीय. जास्त खाल्ली असेल तर माझ्या हातात नाही, इंजिनिअरला दाखवा. तो म्हणाला की पाडा, तर पाडायचं." मला तिथेच बरं वाटलं. तिघांत हा एकटा म्हणाला की एवढं मला जमतं आणि याच्या पुढचं जमत नाही.

मग धाबं. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे त्याने लांब खिळा टोचून बघितला, एकेका टोकाला. बाकी सगळीकडे खिळा अडला, ओसरीकडच्या एका टोकात बोटभर आत गेला. "एवढंच सडलंय," म्हणाला. वर जाऊन कडेला कुदळीने खणलं, तर फूटभराहून जास्त थर निघाला. नाना गेल्यापासून दरसाल येणारे मजूर जुनी माती न काढता नुसती वर खारी माती टाकून जात होते. चौरस फुटाला फूटभर माती म्हणजे कोरडी असताना ४५-५० किलो. पाच इंची स्लॅबसुद्धा तीसच्या आसपास भरतो. तो म्हणतो, आधी जादा थर उतरवू, सडलेल्या टोकाखाली टेकू देऊन तुळई बदलू, फळ्या बघू, मग ढाळ धरून नव्याने खारी माती. पाडायचं काही कारण नाही. खारी माती कुठून आणायची तेही त्याला माहीत, पाणी पडल्यावर फुगून भेगा बुजवणारी, नाना आणायचे तशीच.

आणि मग खांब सरळ आहे का बघायला त्याने पिशवीतून ओळंबा काढला. पितळी. खाली टोकाजवळ चेपलेला.

मी ओळखला बाळ्या. आपण आडात टाकलेला तो. तू टाकलास आणि मार मी खाल्ला, यावर मी आजही ठाम आहे. नानांनी गळ टाकून दुपारभर शोधला होता. मला राहवलं नाही, मी सरळ विचारलं, हा तुझ्याकडे कसा? त्याने हातातलं काम थांबवलं. म्हणाला, "माईंनी दिला. नाना गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बोलावून थापी, रंधा आणि हा, माझ्या ओटीत टाकला. बाळूदादाला नाशिकला काय कामाचं, म्हणाल्या." मी म्हटलं, मग तेव्हा सांगितलं का नाहीस? "माईंचं नाव घेऊन मायलेकांत भांडण लावू? मला चोर म्हणाले, म्हणू दे म्हटलं."

खरं-खोटं मला ठरवता येत नाही. तुझ्या घरातली गोष्ट आहे. पण माई आहेत, त्यांना सगळं आठवतं. त्यांना विचार. माझ्यासाठी विचार, आणि तुझ्यासाठीही. इतकी वर्षं तू ज्याला चोर म्हणत आलास तो चोर नसेल, तर ते तुला कळायला हवं.

माझं म्हणशील तर मी भारावून जाऊन ठरवणारा नाही. त्याने केलेली छतं बघून आलो. नवी नाही, तीन-चार पावसाळे खाल्लेली. पारोळ्याला एक जुना वाडा आहे, त्याचं धाबं त्याने दुरुस्त केलंय. घरधन्याला विचारून आत जाऊन कोपरे बघितले, भिंतीवर ओलीचे ओघळ नाहीत. मालकीणबाई म्हणाल्या, पहिल्या पावसात एके ठिकाणी टपकलं होतं, निरोप धाडला तर दुसऱ्या दिवशी आला आणि पैसे घेतले नाहीत. इथे एका ठिकाणी मात्र लोक म्हणाले की लग्नसराईत काम अर्धवट टाकून गेला होता. तेही त्याला विचारलं. हो म्हणाला, माणसं मिळाली नाहीत.

त्याच्याकडे जीएसटीचं बिल नाही, उलाढालच तेवढी नाही. म्हणून माल मी दुकानातून पक्क्या बिलावर घेणार, त्याच्याकडे फक्त मजुरी. सिमेंटच्या गोणीवरचा आठवडा बघून घेणार, तीन महिन्यांपेक्षा जुनं नको. सळई लागलीच तर वजन करून: ८ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई पावणेपाच किलोच्या आसपास भरायला हवी, हलकी भरली की परत. पाचशेच्या स्टॅम्पवर कामाचा तपशील, तारखा आणि टप्पे लिहायचे. पैसे टप्प्याटप्प्याने, काम होईल तसे. मागचा कोबा झाला की नळी बोळ्याने बंद करून दोन दिवस पाणी उभं करायचं आणि खालून बघायचं. शेवटची दहा टक्के रक्कम दसऱ्याला, पाऊस निघून गेल्यावर. याला तो लगेच कबूल झाला. सुमीच्या सासरचा या एकाच अटीवर गप्प झाला होता.

तुझं कसं? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणे, ड्रॉप वेळेवर घाला. धाकटीला पुण्यात नोकरी लागली हे तुझ्या तोंडून ऐकायला हवं होतं, मला गल्लीतून कळलं. पेढे उधार आहेत.

दोन कामं कर. एक, माईंना विचार आणि मला स्पष्ट कळव. तुझं मन अजिबात मानत नसेल तर मी बारकूला काम देणार नाही, दुसरा शोधीन, पण नुसत्या जुन्या रागाने नाही म्हणू नकोस, कारण आईच्या डोक्यावरचं छत आहे. दोन, तुझे मेहुणे स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत, त्यांना एक दिवस इकडे पाठव. त्यांची फी देणार, नात्यात फुकट नको. सळईचा निकाल त्यांनीच द्यायचा. अखजीच्या मुहूर्तावर बयाना द्यायचा विचार आहे, त्याच्या आत उत्तर दे.

तुझा,
राजा

ता. क. सुमीने तुला फोन केला तर हा सागाचा हिशेब तिला सांगू नकोस. तिला मी समोर बसून सांगणार आहे, अखजीला ती येतेच आहे.