जुना कीबोर्ड विकण्याआधी त्याची मिडी जोडणी तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती-नवरात्राच्या हंगामाआधी वाद्यवृंदांतले जुने कीबोर्ड आणि साउंड मॉड्यूल (पट्ट्या नसलेली, फक्त आवाज देणारी पेटी) स्वस्तात विकायला निघतात. ‘कॉम्प्युटरला जोडला की आवाज डबल येतो’, ‘सिक्वेन्सरवर (नोटा नोंदवून वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) मागे पडतो’ अशी कारणे सांगितली जातात. यातली बरीच वाद्ये ठणठणीत असतात, चुकलेली असते ती जोडणी. क्लासमध्ये स्वर-ताल शिकवतात, पण ही जोडणी सहसा कोणी दाखवत नाही. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

मिडी म्हणजे वाद्ये आणि कॉम्प्युटर यांची एकमेकांशी बोलण्याची ठरलेली भाषा. तिची तार आवाज नेत नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच माहिती ती सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने नेते. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ‘नॅम’ या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन कंपन्यांचे सिंथेसायझर जोडून दाखवले गेले, तेव्हापासून हा वेग बदललेला नाही. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचे वाद्यही आजच्या सॉफ्टवेअरला समजते. मात्र सिक्वेन्सरमधून थेट फाइल काढली तर बाहेरच्या वाद्याचा ट्रॅक मुका निघतो. वाद्याचे लेफ्ट-राइट लाइन आउट ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये घालून वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर ते पूर्ण वाजवून रेकॉर्ड करावे लागते. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात ही वायर घालू नये. तिथला प्रीअँप लाइनच्या सिग्नलसाठी नसतो, आवाज फाटतो.

पाच पिनांची मिडी केबल एकीकडच्या आउटमधून दुसरीकडच्या इनमध्ये जाते. यूएसबी-मिडी केबलवर मात्र घोटाळा होतो, कारण तिच्या प्लगवर ‘इन’ लिहिलेले असले तर काही कंपन्यांच्या मते तो कीबोर्डच्या इनमध्ये घालायचा असतो, काहींच्या मते आउटमध्ये. काहीच हलत नसेल तर आधी दोन्ही प्लग अदलाबदल करून पाहा. अगदी स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग) नसतो. मिडीच्या मानकानुसार इनपुटला तो हवाच, कारण त्यामुळे दोन यंत्रांचा विद्युत संबंध तुटतो आणि माहिती तेवढी पलीकडे जाते. यूएसबीने जोडलेल्या कीबोर्डचे लाइन आउटही इंटरफेसमध्ये गेले की अर्थिंगचे वेटोळे (ग्राउंड लूप) तयार होते आणि स्पीकरमधून चिरचिर किंवा घूं ऐकू येते. म्हणून दोन्ही पर्याय असतील तर आम्ही पाच पिनांचाच सुचवू. जुन्या कीबोर्डच्या यूएसबीला कंपनीचा ड्रायव्हर लागतो आणि विंडोज बदलली की तो अनेकदा चालत नाही, हेही त्याचे एक कारण.

‘डबल’ आवाजाचे मूळ लोकल कंट्रोलमध्ये, म्हणजे पट्ट्यांनी कीबोर्डचा स्वतःचा आवाज वाजवण्याच्या सोयीत असते. पट्टी दाबली की कीबोर्ड स्वतः वाजतो, शिवाय तीच नोट सॉफ्टवेअरमधून फिरून परत येते आणि पुन्हा वाजते. आवाज पोकळ होतो, आणि एका नोटेला दोन व्हॉइस (एका वेळी वाजू शकणारे आवाज) लागल्याने ६४ व्हॉइसचा कीबोर्ड ३२चा उरतो. मिडी मेनूत लोकल ऑफ करा. मग सॉफ्टवेअर बंद असताना पट्ट्या दाबून काहीच वाजले नाही, तर जोडणी बरोबर आहे. कार्यक्रमाला निघताना लोकल पुन्हा ऑन करायला विसरू नका. क्लॉकचेही, म्हणजे लय ठरवणाऱ्या ठोक्यांचेही, तसेच. सिक्वेन्सरच्या लयीवर रिदम चालवण्यासाठी क्लॉक ‘एक्स्टर्नल’ केलेला कीबोर्ड रंगमंचावर रिदम सुरूच करत नाही, कारण तो दर मात्रेला येणाऱ्या २४ ठोक्यांची वाट पाहत थांबलेला असतो. मग वाद्य बिघडले असे समजून ते दुरुस्तीला जाते.

टोन बदलण्यासाठी आधी बँक (टोनचा गट), म्हणजे कंट्रोलर (नंबर असलेला मिडी संदेश) ० आणि ३२, आणि मग प्रोग्रॅम नंबर, हाच क्रम पाळावा. पहिल्या स्वराबरोबरच हे पाठवले तर तो स्वर जुन्या टोनमध्ये वाजतो किंवा गिळला जातो, तेव्हा सुरुवातीला एक आवर्तन कोरे ठेवा. टोन एका घराने चुकत असेल तर एक यंत्र ० पासून मोजते आहे आणि दुसरे १ पासून. सप्तक चुकले तर मधला सा शोधण्यापेक्षा नोट नंबर ६० शोधा. यामाहा त्याला सी-३ म्हणते, रोलंड सी-४.

ऑक्टोपॅडचा (काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याचा) मिडी चॅनेल बहुधा १० असतो. जनरल मिडीत, म्हणजे टोन आणि तालवाद्यांचे नंबर ठरवणाऱ्या मानकात, ३६ म्हणजे बास ड्रम आणि ३८ म्हणजे स्नेअर हे ठरलेले आहे, पण ढोलकी, तबला, संबळ यांना असे नंबर कोणी ठरवलेले नाहीत. त्यामुळे एका कीबोर्डवर बसवलेली लावणीची ढोलकी दुसऱ्यावर भलतीच वाजते. प्रत्येक किटचा नकाशा सॉफ्टवेअरमध्ये स्वतः भरून ठेवण्याला पर्याय नाही. मींडेचेही असेच होते. पिच बेंडची (स्वर वर-खाली सरकवण्याच्या सोयीची) मर्यादा सहसा वर-खाली दोन अर्धस्वर असते. सॉफ्टवेअरमध्ये ती बारा धरली आणि वाद्यात दोनच राहिली, तर पूर्ण सप्तकाची मींड एका स्वरातच संपते. कंट्रोलर १०१ आणि १०० ला शून्य, मग ६ ला १२ पाठवले की बहुतेक वाद्ये ती मान्य करतात.

‘मागे पडतो’ या तक्रारीत तथ्य आहे, पण ते मोजता येते. एक नोट पाठवायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. दहा नोटा एकदम आल्या तर शेवटची दहा मिलिसेकंद उशिरा पोहोचू शकते. चार वाद्ये थ्रूने (आलेली माहिती पुढच्या वाद्याला देणाऱ्या जोडणीने) एकाच पोर्टला ओवण्यापेक्षा दोन-चार पोर्टचा इंटरफेस घ्या आणि कामाची नसेल तर आफ्टरटचची (दाबलेल्या पट्टीवरच्या दाबाची) माहिती गाळा. मग क्लिकवर रिमशॉटच्या नोटा ठेवा, वाद्याचा आवाज रेकॉर्ड करा, तो सॉफ्टवेअरमधल्या क्लिकच्या रेघेपासून किती मिलिसेकंद मागे आहे ते बघा आणि तेवढाच उणे आकडा त्या मिडी ट्रॅकच्या डिलेमध्ये घाला. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये तो रेघेवर येतो.

एक काम मात्र पुढे ढकलू नका. यामाहाचा डीएक्स-७, कोर्गचा एम-१ यांसारख्या वाद्यांतले टोन आतल्या बॅटरीवर टिकतात आणि ती संपली की पुसले जातात. ती बदलण्याआधी सिसएक्स डंप (वाद्यातल्या टोनची मिडीतून पाठवलेली प्रत) कॉम्प्युटरवर घ्या. डीएक्स-७चे ३२ टोन ४,१०४ बाइटांत मावतात आणि दीड सेकंदाच्या आत उतरतात. फाइल यापेक्षा लहान निघाली तर केबलने माहिती गाळली आहे, दुसऱ्या केबलने पुन्हा घ्या. टोन परत भरताना मेमरी प्रोटेक्ट ऑफ करावे लागते, नाहीतर ते साठवले जात नाहीत.

आपले,
वाद्यवृंदांसाठी संगीत संयोजन करणारे काही वादक, पुणे