एकपंखी वीराला ‘विकृत’ म्हणू नका

महोदय,

रविवार पुरवणीतील जर्मन अभिव्यक्तिवादावरच्या (भावना ठळक करण्यासाठी आकृत्या मोडून-वाकवून दाखवणाऱ्या कलाप्रवाहावरच्या) लेखात अर्धा माणूस, अर्धा प्राणी अशा आकृत्यांना ‘विकृत’ म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे. हे मला मान्य नाही. चित्रकार पॉल क्लेचे १९०५ मधले ‘पंख असलेला वीर’ हे एचिंग, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून छापलेले चित्र, घ्या. जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेला हा माणूस एकच पक्ष्याचा पंख घेऊन जन्मला. तेवढ्यावरून आपण उडण्यासाठीच आहोत असे त्याने ठरवले. पडून हात मोडला, पायही गेला, तरी तो पुतळ्यासारखा ताठ उभा आहे. मोडलेले शरीर आणि हा ताठा यांतला विरोध क्लेला मुद्दाम दाखवायचा होता.

मी कृत्रिम पाय बसवण्याचे काम करतो. नवा पाय बांधल्यावर समांतर दांड्या सोडून पहिल्यांदा उभा राहणारा माणूस असाच दिसतो: मान वर, जबडा आवळलेला, घाम फुटलेला. त्याला कोणी विकृत म्हटले तर मी ऐकून घेणार नाही. क्लेच्या वीराबद्दलही नाही.

१९३३ मध्ये नाझींनी क्लेला ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीतून काढले. १९३७ मध्ये म्युनिकला ‘विकृत कला’ म्हणून भरवलेल्या प्रदर्शनात त्याच्या १७ कृती हिणवण्यासाठी टांगल्या. निदान आपण तरी तो शब्द जपून वापरावा.

‘पंख असलेला वीर’ हे चित्र पुरवणीत मोठ्या आकारात, रंग न भरता छापावे, ही विनंती.

– एक वाचक, मिरज