महाभियोगात कोण फुटलं ते छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

श्री ठाणेदारांचं नाव पेपरात आलं की आमच्या बेळगावात दोन दिवस दुसरा विषय नसतो, त्यात काही गैर नाही, चिकोडीत जन्मलेला आणि बेळगावात वाढलेला माणूस अमेरिकेत डेट्रॉईटचा खासदार होतो याचं कौतुक मलाही आहे, त्यांचं मराठी आत्मचरित्र आमच्यातल्या कित्येकांनी वाचलंय. पण त्यांनी एप्रिल २०२५ च्या शेवटी ट्रम्प यांच्यावर सात कलमांचा महाभियोग दाखल केला तेव्हापासून आपल्या पत्रांच्या पानावर आणि आमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर जे चाललंय ते वाचून शेवटी लिहायला बसलो. एक गट म्हणतो बेळगावच्या पोराने ट्रम्पला घाम फोडला, दुसरा म्हणतो अमेरिकेत जाऊन नसती उठाठेव. आणि हे दोन्ही गट ट्रम्पने नक्की काय केलं यावर भांडत नाहीत, तर इथे आपण कुणाला मत देतो त्यावरून तिथली बाजू ठरवून भांडतात!

मुळात त्या प्रस्तावाचं झालं काय ते तरी बघा. मे महिन्याच्या मध्याला ठाणेदारांनी नियमाचा आधार घेऊन, म्हणजे दोन कामकाजाच्या दिवसात सभागृहाला तो विषय घ्यावाच लागेल अशा पद्धतीने तो मांडला, आणि दुसऱ्याच दिवशी मतदान व्हायच्या आत स्वतःच मागे घेतला. मागे कुणामुळे घेतला? ट्रम्पमुळे नाही हो, रिपब्लिकनांमुळे तर मुळीच नाही, त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकांनी आता नको म्हणून मागे लागून घ्यायला लावला, आधी ज्यांनी सह्या दिलेल्या त्यातल्या काहींनी नावं काढून घेतलेली. घाम फुटला असेल तर तो स्वपक्षाला फुटला. जूनमध्ये टेक्सासचे डेमोक्रॅट खासदार अल ग्रीन यांनी इराणवरच्या हल्ल्यावरून असाच प्रस्ताव आणला तो ३४४ विरुद्ध ७९ ने बाजूला ठेवला गेला आणि त्या ३४४ मध्ये १२८ डेमोक्रॅट होते. हे आकडे आपल्या ग्रुपवरच्या कुठल्याही वाघाने टाकलेले मी पाहिले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की महाभियोगाच्या बातमीत आरोप किती गंभीर, भाषण किती जोरदार, हे सगळं दुय्यम असतं. विरोधक विरोधात मत देणारच, त्यात बातमी काय? बातमी असते ती स्वतःच्या पक्षातून कोण फुटलं आणि पुढे त्याचं काय झालं ही. गणित साधं आहे, हाऊसमध्ये, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या खालच्या सभागृहात, साध्या बहुमताने महाभियोग लागतो, पण पद जायला वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, दोन तृतीयांश लागतात म्हणजे शंभर जण हजर असतील तर ६७. ठाणेदारांचा प्रस्ताव आला तेव्हा सिनेटमध्ये रिपब्लिकन ५३ होते, म्हणजे त्यांचेच २० जण फुटायला हवे होते. आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाचं पद सिनेटच्या मतदानाने गेलेलं नाही. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले, ३५ विरुद्ध १९, आणि ते वाचले ते विरोधी रिपब्लिकन पक्षातले सातजण फुटले म्हणून.

आता कुणी म्हणेल निक्सन गेले की. गेले, पण कसे गेले ते बघा. १९७२ ला ५० पैकी ४९ राज्यं जिंकलेला माणूस, जनतेने निवडलंय तुम्ही कोण काढणारे हा युक्तिवाद त्यांच्याइतका कुणाला शोभला नसता, आणि दोन वर्षात, ९ ऑगस्ट १९७४ ला राजीनामा. जुलैत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वॉटरगेट प्रकरणात व्हाइट हाऊसमधल्या संभाषणांच्या टेप द्या म्हणून ८ विरुद्ध ० ने निकाल दिला, हाऊसच्या न्यायविषयक समितीत पहिलं कलम २७ विरुद्ध ११ ने पास झालं त्यात सहा जण निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते, आणि ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट, जॉन ऱ्होड्स हे तिघे, तिघेही त्यांच्याच पक्षाचे, व्हाइट हाऊसला जाऊन मतं उरलेली नाहीत असं सांगून आले. दुसऱ्या दिवशी रात्री भाषण, तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर. वृत्तपत्राने घालवलं, कोर्टाने घालवलं असं आपण म्हणतो, ते खरंच आहे, पण शेवटचा धक्का घरच्यांनीच दिला.

आणि नंतर? नंतर सगळे पोपटासारखे एकमेकांची वाक्यं बोलायला लागले. १९९८ ला क्लिंटनवर महाभियोग आला तेव्हा डेमोक्रॅट म्हणत होते की हा निवडणुकीचा निकाल फिरवण्याचा डाव आहे, २०१९ ला ट्रम्पवर आला तेव्हा अगदी हेच वाक्य रिपब्लिकनांच्या तोंडी. १९९८ ला न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट जेरी नॅडलर सांगत होते की एका पक्षाने रेटलेला आणि दुसऱ्याने विरोध केलेला महाभियोग कधीच होऊ नये, २०१९ ला तेच न्यायविषयक समितीचे अध्यक्ष आणि हाऊसमधल्या एकाही रिपब्लिकनाने मत दिलं नाही तरी महाभियोग लागला. रिपब्लिकन लिंडसे ग्रॅहम १९९९ ला क्लिंटनविरुद्ध खटला चालवणाऱ्यात होते, पद जायला गुन्हा सिद्ध व्हायलाच पाहिजे असं नाही म्हणायचे, २०२० ला ट्रम्पच्या बचावाला सगळ्यात पुढे. साक्षीदारांचं तर विचारूच नका, १९९९ ला रिपब्लिकनांना साक्षीदार हवे होते डेमोक्रॅटांना नको, २०२० ला डेमोक्रॅटांना हवे होते रिपब्लिकनांना नको आणि मागणी ५१ विरुद्ध ४९ ने पडली. सिनेटमधले तेव्हाचे रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांचा तर नंबर पहिला लावायला पाहिजे. फेब्रुवारी २०२१ ला त्यांनी ट्रम्प दोषी नाहीत असं मत दिलं आणि मतदान झाल्यावर त्याच सभागृहात उभं राहून सांगितलं की ६ जानेवारीच्या प्रकाराला (ट्रम्प समर्थक संसदेच्या इमारतीत घुसले तो) ट्रम्पच जबाबदार आहेत. का सोडलं, तर म्हणे मुदत संपली, आता ते अध्यक्ष नाहीत. निवडणुकीआधी आणला तर लोकांना ठरवू द्या, निवडणुकीनंतर आणला तर वेळ गेली. मग आणायचा कधी?

क्लिंटनच्या वेळी एकही डेमोक्रॅट सिनेटर फुटला नाही, हेही लिहून ठेवा. रिपब्लिकन मात्र फुटले, खोट्या साक्षीच्या कलमावर ४५ विरुद्ध ५५, न्यायात अडथळ्याच्या कलमावर ५० विरुद्ध ५०, म्हणजे बहुमत असूनही त्यांना आपली माणसं धरता आली नाहीत. ज्यांना वाटतं की एकच पक्ष ढोंगी आहे त्यांनी हा आकडा बघावा. ट्रम्पच्या पहिल्या वेळी सिनेटमध्ये एकटे मिट रॉम्नी फुटले, दुसऱ्या वेळी सात, ५७ विरुद्ध ४३. स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षाला दोषी ठरवायला इतके सिनेटर याआधी कधीच फुटले नव्हते, तरी दहा कमीच.

आपल्याकडच्या वाचकाला यातली एक गोष्ट पटकन कळत नाही असं मला वाटतं. आपल्याकडे व्हिप मोडला की पक्षांतरबंदीने खासदारकी आमदारकी जाऊ शकते (गेल्या काही वर्षात महाराष्ट्राने त्याचा जो तमाशा पाहिला तो सांगायला नको, आम्ही सीमेच्या अलीकडून पाहिला). अमेरिकेत असा कायदाच नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं तर कायद्याने कुणीही काही करू शकत नाही. मग इतके घाबरतात का? तर प्रायमरीला. म्हणजे तिकीट दिल्लीतून किंवा मुंबईतून मिळत नाही, पक्षाचेच मतदार आधी निवडणूक घेऊन उमेदवार ठरवतात, आणि त्या निवडणुकीला येतात ते बहुतेक कट्टर लोक. व्हिपची भीती वरून असते, ही खालून.

१३ जानेवारी २०२१ ला हाऊसमध्ये दहा रिपब्लिकनांनी ट्रम्पविरुद्ध मत दिलं. पुढच्या निवडणुकीत चौघे उभेच राहिले नाहीत, चौघे प्रायमरीत पडले, त्यात लिझ चेनी, माजी उपाध्यक्षांची मुलगी, प्रचंड फरकाने पडल्या. टिकले दोनच, कॅलिफोर्नियाचे व्हॅलाडेओ आणि वॉशिंग्टन राज्याचे न्यूहाऊस. आणि गंमत बघा, ही दोन्ही राज्यं अशी की जिथे प्रायमरी सगळ्या पक्षांची एकत्र होते आणि पहिले दोघे पुढे जातात, म्हणजे केवळ कट्टर लोकांच्या हातात नाडी नसते. (वॉशिंग्टनच्याच हेरेरा बटलर बाई त्याही पद्धतीत पडल्या, तेव्हा हे काही रामबाण औषध नाही.)

यातला एक माणूस मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो ठाणेदारांच्याच मिशिगनचा आहे. पीटर मायर. मिशिगनला मुलाकडे गेलेले आपल्याकडचे आईवडील ज्या मायर सुपरमार्केटमधून भाजी दूध आणतात ना, त्याच घराण्यातला हा पोरगा, ३ जानेवारीला शपथ घेतली आणि १३ जानेवारीला स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध महाभियोगाला मत दिलं. खासदार होऊन दहा दिवस! ग्रँड रॅपिड्सची ती जागा आधी जस्टिन अमाश यांच्याकडे होती, तेही रिपब्लिकनच, आणि २०१९ ला ट्रम्पवर महाभियोग चालवण्यासारखं वर्तन आहे असं उघड म्हणणारे ते पक्षातले पहिले खासदार, म्हणून पक्ष सोडावा लागला आणि डिसेंबरात त्यांनी महाभियोगाच्या बाजूने अपक्ष म्हणून मत दिलं. एकाच जागेवरून लागोपाठ दोन माणसं पक्षाविरुद्ध गेली, असा दुसरा मतदारसंघ मला तरी माहीत नाही.

२०२२ च्या प्रायमरीत मायरविरुद्ध ट्रम्प यांनी जॉन गिब्स यांना पाठिंबा दिला, हे अपेक्षितच होतं. पण त्या गिब्सची जाहिरात टीव्हीवर कुणी चालवली माहीत आहे? डेमोक्रॅटिक पक्षाच्या निवडणूक समितीने! चार लाख डॉलरच्या वर खर्च केला. जाहिरात दिसायला गिब्सच्या विरोधातली, हा फारच कट्टर, हा ट्रम्पचा माणूस, पण रिपब्लिकन प्रायमरीच्या मतदाराला ट्रम्पचा माणूस म्हणून सांगितलं की त्याला काय वाटणार हे शेंबडं पोरही सांगेल. हिशोब असा की मायरपेक्षा गिब्सला नोव्हेंबरात पाडणं सोपं. आणि हिशोब बरोबर निघाला, मायर थोडक्यात पडले, नोव्हेंबरात डेमोक्रॅट हिलरी शोल्टन निवडून आल्या. लोकशाही धोक्यात आहे म्हणून महाभियोग आणायचा, दुसऱ्या पक्षातला एखादा हिंमत करून तुमच्या बाजूने मत देतो, आणि दीड वर्षात तुम्हीच त्याला घरी बसवायला पैसे लावता. मग पुढच्या वेळी कुठला रिपब्लिकन फुटेल तुमच्यासाठी? मी स्वतः ट्रम्पचा अजिबात चाहता नाही, ६ जानेवारीला जे झालं ते बघता २०२१ ला त्यांना दोषी ठरवायला हवं होतं असंच माझं मत आहे, पण डेमोक्रॅटांनी मायरचं जे केलं त्याला दुसरं नाव नाही, ती गद्दारी आहे. त्याच नोव्हेंबरात ठाणेदार डेट्रॉईटमधून पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले गेले, मायरची बातमी मात्र मला मराठीत कुठे दिसली नव्हती.

ठाणेदारांच्या हेतूबद्दलही पत्रांतून बरंच आलंय. त्यांच्या जागेवर २०२६ च्या प्रायमरीला पक्षातूनच आव्हान होतं, तेव्हा महाभियोग हा त्यासाठीचा स्टंट होता असं त्यांचे विरोधक म्हणतात. असेलही, नसेलही. पण ‘आता नको’ म्हणणारे पक्षाचे पुढारी तरी कुठे तत्त्वासाठी थांबलेले, तेही अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्याला होणाऱ्या संसदेच्या निवडणुकीच्या बेरीज वजाबाकीत होते, १९९८ ला रिपब्लिकनांनी क्लिंटनच्या मागे लागून पाच जागा घालवल्या आणि त्यांचे नेते गिंग्रिच यांचं हाऊसचं सभापतीपद गेलं हे त्यांना पाठ असणार. मला ठाणेदारांचं चुकलं वाटतं ते वेगळ्या कारणाने, प्रस्ताव मांडायचा तर मतदान होऊ द्यायचं. किती का पडेनात मतं. कोण कुठे उभा आहे ते कागदावर तरी आलं असतं.

आणि आपण इथे बसून फार हसू नये. मे १९९३ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रामस्वामींवरचा महाभियोगाचा प्रस्ताव लोकसभेत आला, चौकशी समितीने ठपका ठेवलेला होता, बाजूने १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही, तरी प्रस्ताव पडला, कारण सत्ताधारी काँग्रेस आणि मित्रपक्षांचे २०५ खासदार तटस्थ राहिले. निदान विरोधात हात वर करायची लाज तरी वाटली म्हणायचं.

तेव्हा संपादकसाहेब, विनंती अशी की पुढच्या वेळी वॉशिंग्टनहून महाभियोगाची बातमी आली की ‘ट्रम्प अडचणीत’ किंवा ‘ट्रम्प यांना दिलासा’ असं मथळ्यात न टाकता पहिल्याच परिच्छेदात दोन आकडे छापा, या पक्षाचे किती फुटले, त्या पक्षाचे किती. आणि प्रायमरीचे निकाल लागतात तेव्हा आतल्या पानावर चार ओळी तरी द्या, फुटलेल्यांपैकी कोण राहिलं आणि कोण गेलं.

आपला,
एक जुना वाचक
टिळकवाडी, बेळगाव